माळशिरस अक्षावर नीट उमटावे म्हणून

सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ भरली. त्यात उत्तर सोलापूर तालुका एकटाच १०,५७,३५२ लोकांचा, कारण सोलापूर शहर त्यात येते. सर्वांत लहान मंगळवेढा, २,०५,९३२ लोकांचा. अकरा नावे, अकरा आकडे, एवढीच सामग्री. पायथनमध्ये चार ओळी लिहिल्या की तिचा स्तंभालेख पडद्यावर हजर होतो. पण खालच्या अक्षावर तालुक्यांच्या नावांऐवजी रिकामे चौकोन दिसतात, तेही एकमेकांत घुसलेले. डावीकडच्या अक्षावर ०.२, ०.४, ०.६ असे दशांश येतात आणि वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘१ई६’ असे काहीतरी लिहिलेले असते.

स्तंभ मात्र अगदी बरोबर उंचीचे असतात. गणितात काही चुकलेले नसते. तरीही मंगळवेढ्याच्या वाचकाला त्यात आपला तालुका सापडत नाही आणि जिल्हा परिषदेच्या बैठकीत तो आलेख कोणी दोनदा पाहत नाही. आलेखातली आकृती संगणक काढतो, पण अक्षावरच्या खुणांना काय म्हणायचे हे काढणाऱ्यानेच ठरवावे लागते. ते कसे ठरवायचे, याची सोलापूरच्याच आकड्यांवर केलेली ही उजळणी महाविद्यालयातले विद्यार्थी, शिक्षक, पत्रकार आणि कार्यालयात अहवाल बांधणारे अशा सगळ्यांच्या कामाची आहे.

एक सूचना आधीच. या लेखात आज्ञांची नावे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर टंकताना ती अर्थातच रोमन अक्षरांत लिहायची.

खूण कुठे आणि खुणेवर काय

पायथनमध्ये आलेख काढण्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी लायब्ररी म्हणजे मॅटप्लॉटलिब. जॉन हंटर या अमेरिकी मेंदूसंशोधकाने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी पडद्यावर पाहता याव्यात म्हणून ती लिहायला घेतली आणि २००३ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. पांडाज आणि सीबॉर्न या लायब्रऱ्यांचे नेहमीचे आलेखही आतून मॅटप्लॉटलिबच काढते. त्यामुळे खाली सांगितलेली बहुतेक कामे तिन्हींकडे सारखीच चालतात.

मॅटप्लॉटलिबमध्ये अक्षाची दोन कामे दोन वेगळ्या कारभाऱ्यांकडे दिलेली आहेत. खुणा कोणत्या आकड्यांवर पडाव्यात हे ‘लोकेटर’ ठरवतो आणि प्रत्येक खुणेपाशी काय लिहायचे हे ‘फॉरमॅटर’ ठरवतो. नवशिक्यांचे बरेचसे गोंधळ ही वाटणी माहीत नसल्याने होतात. खुणा आपोआप पडू द्यायच्या आणि लेबले मात्र ‘सेट_एक्सटिकलेबल्स’ने हाताने चिकटवायची, असे केले की लेबल आणि खूण यांची फारकत होते. आपोआप पडलेल्या खुणांपैकी एखादी चौकटीबाहेर असते. पहिले लेबल त्या न दिसणाऱ्या खुणेला जाते आणि उरलेली सगळी एकेक घर सरकतात. आलेख दिसतो सुबक, सांगतो खोटे. म्हणूनच ३.३ या आवृत्तीपासून मॅटप्लॉटलिब अशा वेळी ताकीद देते. तिच्याकडे कानाडोळा करू नये.

सुरक्षित मार्ग साधा आहे. जागा आणि नावे एकाच आज्ञेत द्यावीत. ३.५ या आवृत्तीपासून ‘सेट_एक्सटिक्स’ला खुणांच्या जागांबरोबर ‘लेबल्स’ हीही यादी देता येते. अकरा जागा आणि दहाच नावे दिली, तर ती आज्ञा चूक दाखवून थांबते, हे बरेच आहे. दोन्ही याद्या अकरांच्या असल्या पण क्रम वेगळा असला तर मात्र ती थांबत नाही. आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावले आणि नावे वर्णानुक्रमाने तशीच ठेवली, तर उत्तर सोलापूरचे साडेदहा लाख लोक अक्कलकोटच्या नावावर जमा होतात आणि संगणक चकार शब्द काढत नाही. नावे आणि आकडे एकाच तक्त्यात ठेवावेत, क्रम लावायचा तो त्या तक्त्याचा लावावा आणि दोन्ही गोष्टी तिथूनच उचलाव्यात.

लाख म्हणजे लाख

आता त्या ‘१ई६’कडे. मॅटप्लॉटलिबचा नेहमीचा फॉरमॅटर संख्या दहा लाखांपर्यंत पोचली की दहाच्या सहाव्या घाताची भाषा बोलू लागतो. खुणांवर ०.२, ०.४ राहतात आणि ‘याला दहा लाखांनी गुणा’ ही सूचना वर कोपऱ्यात जाते. सोलापूरच्या आलेखात हे फक्त उत्तर सोलापूरमुळे घडते. तो स्तंभ दहा लाखांच्या वर जातो, म्हणून अक्षावर दहा लाखांची खूण पडते आणि सगळ्या अक्षाचा सूर बदलतो. हाच तालुका वगळून उरलेल्या दहांचा आलेख काढला, तर सर्वांत मोठा माळशिरस ४,८५,६४५ चा असल्याने अक्षावर साधे पूर्ण आकडे येतात.

कोपऱ्यातली सूचना घालवायला ‘टिकलेबल_फॉरमॅट’ला ‘स्टाइल’ म्हणून ‘प्लेन’ सांगितले की भागते. पण मग १००००० आणि १०००००० यांतली शून्ये वाचकाला मोजत बसावे लागते. स्वल्पविरामाची सोय पायथनमध्ये आहे, मात्र ती पाश्चात्त्य पद्धतीची: दर तीन अंकांनी एक. दहा लाख त्यात हजारांच्या हजारांसारखे लिहिले जातात. ‘इंजफॉरमॅटर’ नावाचा तयार फॉरमॅटरही किलो आणि मेगा यांच्याच हिशेबाने चालतो. लाख, कोटी त्याला ठाऊक नाहीत.

म्हणून स्वतःचा छोटा फॉरमॅटर लिहावा. त्यासाठी दोन ओळींचे फंक्शन पुरते. त्याला खुणेचा आकडा मिळतो. तो एक लाखाने भागायचा, अनावश्यक दशांश गाळायचे आणि मागे ‘लाख’ जोडायचे. आकडा शून्य असेल तर नुसते शून्य परत द्यायचे, कारण ‘० लाख’ हे वाचायला विचित्र वाटते. हे फंक्शन ‘सेट_मेजर_फॉरमॅटर’च्या हाती दिले की झाले. सोबत ‘मल्टिपललोकेटर’ला दोन लाख सांगितले की खुणा २ लाख, ४ लाख अशा दहा लाखांपर्यंत पडतात. प्रत्येक खुणेवर ‘लाख’ नको असेल तर अक्षाच्या शीर्षकात ‘लोकसंख्या, लाखांत’ असे एकदाच लिहून खुणांवर फक्त आकडे ठेवावेत. छापील पानावर हेच अधिक नेटके दिसते.

याच ठिकाणी आपल्याकडच्या माहितीत एक खाच असते. शासकीय तक्त्यांतले आकडे ‘१०,५७,३५२’ असे स्वल्पविरामांसह येतात. पायथन त्यांना संख्या न मानता शब्द मानतो. शब्दांचा आलेख काढायला सांगितला की मॅटप्लॉटलिब ते तक्त्यातल्या क्रमाने, सारख्या अंतरावर अक्षावर मांडते. मग दोन लाखांची खूण दहा लाखांच्या वर बसलेली दिसते. अक्षावर नेमके आपलेच आकडे, चढउताराचा विचार न करता, ओळीने उभे दिसले तर दुखणे हेच असे समजावे. पांडाजने फाइल वाचताना ‘थाउजंड्स’ या पर्यायात स्वल्पविराम सांगितला की आकडे संख्या होऊन येतात. देवनागरी अंकांची मात्र अडचण नाही. स्वल्पविराम काढून टाकले तर ‘१०५७३५२’ असा देवनागरी मजकूर पायथनचे ‘इंट’ फंक्शन बिनतक्रार संख्येत बदलते.

नावांची दाटी

मॅटप्लॉटलिबचा आलेख मुळात ६.४ इंच रुंद आणि ४.८ इंच उंच असतो. एवढ्या रुंदीत ‘उत्तर सोलापूर’, ‘दक्षिण सोलापूर’, ‘मंगळवेढा’ यांच्यासह अकरा नावे आडवी मावत नाहीत.

पहिला उपाय बहुतेकांच्या हातात असतो तो नावे तिरकी करण्याचा. ‘टिक_पॅराम्स’मध्ये ‘लेबलरोटेशन’ ४५ अंश ठेवले की नावे कलतात. पण ती आपल्या मध्यावर कलतात, त्यामुळे कोणते नाव कोणत्या स्तंभाचे हे कळेनासे होते. नावाचे शेवटचे अक्षर खुणेखाली यायला हवे. त्यासाठी आडवी जुळणी ‘राइट’ आणि ‘रोटेशन_मोड’ ‘अँकर’ असे दोन्ही द्यावे लागतात. ‘टिक_पॅराम्स’ ही जुळणी बदलत नाही. लेबलांची यादी मागवून ‘सेटपी’ने ती बदलावी.

देवनागरीसाठी दुसरा उपाय सरस आहे: आलेखच आडवा करावा. ‘बार’ऐवजी ‘बारएच’ लिहिले की तालुके डावीकडे एकाखाली एक येतात आणि शिरोरेषा सरळ राहते. तिरक्या शिरोरेषा एकापुढे एक आल्या की डोळा अक्षरांऐवजी रेघाच वाचतो. आडव्या आलेखात पहिली नोंद सर्वांत खाली जाते, म्हणून ‘इन्व्हर्ट_वायअॅक्सिस’ ही आज्ञा देऊन क्रम उलटवावा. डावीकडची लांब नावे कडेला कापली जाऊ नयेत म्हणून आकृती तयार करतानाच ‘लेआउट’ला ‘कन्स्ट्रेन्ड’ सांगावे. उभाच आलेख हवा असेल तर ‘उत्तर’ आणि ‘सोलापूर’ या दोन शब्दांमध्ये नव्या ओळीची खूण घालून नाव दोन ओळींत मोडावे. अक्षराचा आकार कमी करत नेणे हा शेवटचा इलाज. पडद्यावर मोठे करून वाचता येते, वर्तमानपत्राच्या एका स्तंभात छापल्यावर नाही.

चौकोन जातात, अक्षरे मोडतात

रिकाम्या चौकोनांचे कारण सरळ आहे. मॅटप्लॉटलिबबरोबर येणारा मूळ फॉन्ट डेजावू सॅन्स आहे आणि त्यात देवनागरी अक्षरेच नाहीत. ‘सोलापूर’ लिहायला सांगितले की ताकीद येते: २३६० क्रमांकाचे चिन्ह या फॉन्टमध्ये सापडले नाही. २३६० हा युनिकोडमधला ‘स’चा क्रमांक आहे.

नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता असा खुला फॉन्ट उतरवून घ्यावा, ‘फॉन्टमॅनेजर’च्या ‘अॅडफॉन्ट’ या आज्ञेने त्याची नोंद करावी आणि ‘आरसीपॅराम्स’मध्ये ‘फॉन्ट.फॅमिली’साठी त्याचे नाव द्यावे. नाव एकच न देता यादी द्यावी: आधी देवनागरी फॉन्ट, मागे डेजावू सॅन्स. ३.६ या आवृत्तीपासून एका फॉन्टमध्ये नसलेले चिन्ह यादीतल्या पुढच्या फॉन्टमधून घेतले जाते. माहिती जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टंकलेली असेल, तर आधी ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी लागते. तिच्यात आतून रोमन अक्षरेच असतात आणि अक्षावरही तीच येतात.

इथवर आले की चौकोन गेलेले असतात आणि बरेचजण समाधानाने आलेख छापायला पाठवतात. नेमके इथेच नीट पाहायला हवे. ‘पंढरपूर’, ‘सांगोला’, ‘करमाळा’, ‘मोहोळ’, ‘माढा’, ‘मंगळवेढा’ ही सहा नावे ठीक उमटतात. उरलेली पाच बिघडतात. ‘माळशिरस’चे ‘माळशरिस’ होते. ‘बार्शी’चा रफार खाली उतरून ‘बार्‌शी’ होते. ‘अक्कलकोट’मधला पहिला ‘क’ पाय मोडून उभा राहतो: ‘अक्‌कलकोट’. ‘उत्तर’चे ‘उत्‌तर’ आणि ‘दक्षिण’चे चक्क ‘दक्‌षणि’.

याला फॉन्ट जबाबदार नाही. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या नंतर साठवली जाते आणि दाखवताना ती व्यंजनाच्या आधी आणावी लागते. जोडाक्षरे आणि रफारही असेच दाखवण्याच्या वेळी घडवायचे असतात. अक्षरे अशी घडवून मांडणारी यंत्रणा ब्राउझरमध्ये असते, मोबाइलमध्ये असते. आजवर सर्रास वापरात असलेल्या मॅटप्लॉटलिबच्या आवृत्त्या मात्र अक्षरे साठवणीच्याच क्रमाने एकामागून एक ठेवत जातात. तुमच्या संगणकावर काय होते हे पाहायला एकच नाव पुरे. अक्षावर ‘माळशिरस’ लिहून बघावे. वेलांटी ‘श’च्या आधी आली तर काळजी नाही.

ती चुकीच्या जागी आली तर तीन मार्ग आहेत. सर्वांत सोपा एसव्हीजीचा. ‘आरसीपॅराम्स’मध्ये ‘एसव्हीजी.फॉन्टटाइप’ला ‘नन’ सांगून आलेख एसव्हीजी स्वरूपात जतन करावा. तसे न सांगितल्यास मॅटप्लॉटलिब अक्षरांच्या बाह्यरेषाच फाइलमध्ये गोठवते आणि मोडलेले ‘माळशिरस’ कायमचे मोडलेले राहते. सांगितल्यास मजकूर मजकूर म्हणून राहतो, फाइल ब्राउझरमध्ये उघडली की ब्राउझर तो नीट घडवतो, आणि तिथून पीडीएफ छापून घेता येते. दुसरा मार्ग एमपीएलकैरो या जोडलायब्ररीचा. ती अक्षरे मांडण्याचे काम राक्म नावाच्या लायब्ररीकडे सोपवते, त्यामुळे पीएनजी चित्रातही जोडाक्षरे शाबूत राहतात. तिसरा मार्ग ज्यांच्याकडे झीलाटेक ही मजकूर जुळवणारी प्रणाली आहे त्यांच्यासाठी: मॅटप्लॉटलिबचे ‘पीजीएफ’ माध्यम निवडून मजकूर झीलाटेककडून जुळवून घेणे. प्रबंध लिहिणाऱ्यांना तो सोयीचा. आणि आलेख संकेतस्थळावरच जाणार असेल, तर प्लॉटली वापरावी. ती ब्राउझरमध्येच आलेख काढत असल्याने हा प्रश्न तिला पडत नाही.

अंकांचे काम सोपे आहे. अंकांना वेलांटी नसते, जोडाक्षरे नसतात. ‘मेकट्रान्स’ने दहा रोमन अंकांसमोर दहा देवनागरी अंक लावून एक तक्ता करावा आणि फॉरमॅटर जे काही परत देतो ते ‘ट्रान्सलेट’मधून काढावे. अक्षावर ‘२ लाख’ उमटते. मात्र एका आलेखात दोन्ही प्रकारचे अंक मिसळू नयेत. खुणा देवनागरी आणि स्तंभांवरचे आकडे रोमन, हे घाईचे लक्षण दिसते.

उजनी उणे पन्नास

सोलापूरच्या वर्तमानपत्रांत उन्हाळ्यात एक आकडा रोज छापून येतो: उजनीची टक्केवारी. भीमा नदीवरच्या या धरणाचा आलेख काढताना अक्षाच्या लेबलांची खरी परीक्षा होते, कारण ही टक्केवारी शून्याखाली जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठच्या घरात होती.

बाहेरगावच्या वाचकाला हे कोडे वाटते. धरण शून्याच्या खाली कसे जाईल? उत्तर मोजण्याच्या पद्धतीत आहे. उजनीचा मृतसाठा ६३.६६ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, दोन्ही मिळून सुमारे ११७ टीएमसी. टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची सांगतात. तो संपला की शून्य. त्यानंतर मृतसाठ्यातून पाणी उचलले की आकडा उणे होतो. उणे ५० टक्के म्हणजे धरणात अजून जवळपास ३६.९ टीएमसी पाणी असते. पावसाळ्यात धरण १११ टक्क्यांवर जाते तेव्हा ते १२३ टीएमसीच्या आसपास असते.

अक्षावर नुसते −५०, ०, ५०, १०० लिहिले तर यातले काहीच कळत नाही. इथे फॉरमॅटरने बोलावे. शून्यापेक्षा कमी आकडा आला तर पुढे ‘उणे’ लिहावे. शून्यावर ‘०, मृतसाठ्याची पातळी’ आणि १०० वर ‘१००, पूर्ण’ असे लिहावे. ‘पर्सेंटफॉरमॅटर’ हा तयार फॉरमॅटर टक्क्याचे चिन्ह लावून देतो, पण शून्याला नाव देण्याची युक्ती त्याच्यात नाही. ती स्वतःच्या फंक्शनातच करावी लागते.

‘उणे’ हा शब्द लिहिण्यात आणखी एक फायदा आहे. मॅटप्लॉटलिब उणे आकड्यांसाठी साधी आडवी रेघ न वापरता युनिकोडमधले खास वजाचे चिन्ह वापरते आणि काही देवनागरी फॉन्टमध्ये ते नसते. मग आकड्याच्या आधी पुन्हा तो रिकामा चौकोन. फॉन्टची यादी दिली असेल तर डेजावू सॅन्स ती उणीव भरून काढतो. नसेल तर ‘अॅक्सेस.युनिकोड_मायनस’ला ‘फॉल्स’ सांगावे.

उजव्या बाजूला टीएमसीचा अक्ष जोडला की आलेख पूर्ण होतो. ३.१ या आवृत्तीपासून असलेली ‘सेकंडरी_वायअॅक्सिस’ ही आज्ञा दोन सूत्रे मागते. टक्क्यांवरून टीएमसी काढताना टक्क्यांना ०.५३५७ ने गुणून ६३.६६ मिळवायचे, उलट जाताना ६३.६६ वजा करून ०.५३५७ ने भागायचे. डावीकडे ‘उणे ५०’ आणि त्याच उंचीवर उजवीकडे ‘३६.९’ असे दोन्ही दिसावे, म्हणून उजव्या अक्षाच्या खुणा डावीकडच्याच टक्क्यांवरून मोजून द्याव्यात. तसे न केल्यास उजवीकडे ४०, ६०, ८० असे गोल आकडे पडतात. ते चूक नसतात, पण दोन्ही बाजू एकमेकींशी ताडून पाहता येत नाहीत. या एका जोडअक्षाने ‘धरण आटले’ आणि ‘उपयुक्त साठा संपला’ यांतला फरक डोळ्यांना दिसतो.

वर्षे, हंगाम, तारखा

काळाचा अक्ष वेगळाच हट्टी. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३८,४९,५४३ होती आणि २०११ मध्ये ४३,१७,७५६. मागच्या दशकांसह हा रेषालेख काढला की लोकेटर गोल आकडे शोधतो आणि खुणा २०००, २०१० वर टाकतो. जनगणना मात्र १ ने संपणाऱ्या वर्षी झालेली. रेषेवरचे ठिपके आणि अक्षावरच्या खुणा यांत एका वर्षाची तफावत राहते. ‘मल्टिपललोकेटर’ला दहा सांगूनही फरक पडत नाही, कारण तो दहाच्या पटीच शोधतो. ३.८ या आवृत्तीपासून त्याला ‘ऑफसेट’ देता येतो. तो १ ठेवावा. किंवा ‘सेट_एक्सटिक्स’ला जनगणनेची वर्षेच द्यावीत. २०२१ ची जनगणना झालेली नाही, तेव्हा त्या वर्षाची खूणही नको. थोड्याच वर्षांची माहिती असली तर अक्षावर २०१०.५ छापाचे अर्धे वर्षही उगवते. वर्षांची यादी हाताने दिली की तेही जाते.

साखर कारखान्यांच्या माहितीत वर्ष ऑक्टोबरपासून सप्टेंबरपर्यंतचे असते आणि ते ‘२०२३-२४’ असे लिहितात. हे लेबल अवतरणचिन्हांत लिहायचे विसरले तर पायथन त्याची वजाबाकी करतो आणि अक्षावर १९९९ येते. हंगामाची नावे नेहमी मजकूर म्हणूनच द्यावीत.

बाजार समितीतला कांद्याचा रोजचा दर मांडायचा असेल तर उलटे करावे लागते. तारखा मजकूर राहिल्या तर वर्षभराच्या प्रत्येक दिवसाला एक लेबल मिळते आणि अक्षाखाली काळा पट्टा तयार होतो. पांडाजच्या ‘टू_डेटटाइम’ने आधी त्यांच्या खऱ्या तारखा कराव्यात. ते करताना ‘डेफर्स्ट’ला ‘ट्रू’ सांगणे फार महत्त्वाचे, नाहीतर ०५/१२ ही पाच डिसेंबरची तारीख बारा मे म्हणून वाचली जाण्याचा धोका आहे आणि ऐन आवकेच्या दिवसांतला भाव उन्हाळ्यात जाऊन बसतो. नंतर ‘मंथलोकेटर’ने दर महिन्याला एक खूण टाकावी. तयार फॉरमॅटर महिन्यांची नावे बहुतेक संगणकांवर इंग्रजीत लिहितात. जानेवारी ते डिसेंबर अशी बारा नावांची यादी करून, खुणेवरच्या तारखेचा महिना ‘नमटूडेट’ने काढून, यादीतले नाव परत देणारे फंक्शन लिहिले की काम भागते. नववर्षाच्या खुणेवर महिन्याखाली वर्षही लिहावे. बाकी अकरा खुणांवर त्याची गरज नसते.

छापायच्या आधी

आलेख तयार झाला की तो ज्या आकारात छापला जाणार त्याच आकारात पाहावा. वाचून पाहायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. प्रत्येक नाव त्याच्याच स्तंभासमोर आहे ना, हे सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान स्तंभ तक्त्याशी ताडून तपासावे. इथे ते उत्तर सोलापूर आणि मंगळवेढा. कोपऱ्यात घाताचा आकडा राहिला आहे का, ते बघावे. जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी असलेली पाच नावे एकदा मोठ्याने वाचावीत. अक्षावर एकक लिहिले आहे याची खात्री करावी: लाख, टक्के, टीएमसी की क्विंटलमागे रुपये. आणि ज्याला विषय माहीत नाही अशा एखाद्याला आलेख दाखवून फक्त विचारावे की यात कशाची किती मोजणी आहे. त्याला सांगता आले नाही तर दुरुस्ती अक्षावर करायची, स्तंभांवर नाही.

लाखांचे फंक्शन, देवनागरी अंकांचा तक्ता, बारा महिन्यांची यादी आणि फॉन्टची नोंद हे सगळे मिळून पन्नासेक ओळींत मावते. त्यांची एक वेगळी फाइल करून ठेवावी आणि प्रत्येक नव्या आलेखात ती आयात करावी. विभागातल्या, वर्गातल्या इतरांनाही ती द्यावी. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. ते आकडे आले की अकरा तालुक्यांच्या आलेखात फक्त तक्ता बदलायचा राहील.